मेलेल्या पेनांची टोपणं

१

ढब्याला जुन्या चादरीत गुंडाळून पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवलं होतं. शेपटीचं टोक तेवढं चादरीबाहेर राहिलं होतं. पुरायचं कुठे, हा प्रश्नच नव्हता. घरमालकाने फोनवर आधीच सांगून टाकलं होतं, "माझ्या बागेत खड्डा पडता कामा नये." जिवंतपणी भाडेकरू, मेल्यावरही भाडेकरूच. आता नगरपालिकेची गाडी यायची वाट बघायची.

थोरली सकाळच्या बसने आली ती पिशवी हातात घेऊनच मागच्या बागेत गेली. थोरली म्हणजे या घरातल्या बाईची मोठी बहीण. विमा कंपनीत होती. जळालेली गोदामं आणि चोरीला गेलेल्या गाड्या बघायच्या आणि मालक खरं बोलतोय की थापा मारतोय ते ठरवायचं, हा तिचा धंदा. आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं हुंगून हुंगून तिचं तोंड कायमचं कडू झालं होतं. नातेवाईक तिच्यासमोर जपून बोलत. मेहुण्याने आदल्या संध्याकाळी तिलाच फोन केला होता. "ताई, तुम्ही या. ती जेवत नाही, बोलत नाही. तुमचंच ऐकेल ती."

झालं होतं ते असं. आदल्या दुपारी धाकटी स्वयंपाकघरात, तिची चार वर्षांची बिट्टी बागेत, ढब्या तिच्याबरोबर. कुंपणाची एक चौकट उघडी पडली. ढब्या बाहेर, त्याच्यामागे बिट्टी, बोळातून थेट मोठ्या रस्त्यावर. पावाच्या गाडीच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. बिट्टीच्या गुडघ्याचं साल गेलं. ढब्याचं सगळंच गेलं.

धाकटी मागच्या पायरीवर बसली होती. कालचेच कपडे, केस विस्कटलेले.

"माझ्या हातून झालं गं," ती म्हणाली. "मीच तार नीट पिळली नसणार. पोरगी मेली असती माझी."

"गप्प बस. मला बघू दे."

कुंपण काय होतं, गरिबाची करामत होती. भाड्याचं घर. मालकाची अट अशी की भिंतीत खिळा नको, जमिनीत खांब नको, सोडून जाल तेव्हा बाग होती तशी पाहिजे. शिवाय कुत्रा एकदा जरी बाहेर आला तरी घर खाली. मग धाकटीने कारखान्याच्या फाटकाबाहेर फेकलेली, माल ठेवायची लाकडी पॅलेटं ओढून आणली. रंगाच्या रिकाम्या डब्यांत खडी भरून त्यांचे पाय केले. आतून जाळी लावली. चौकटीला चौकट तारेने बांधली. सगळं एकटीने, मुलगी झोपली की. मेहुणा म्हणे तेव्हा खुर्चीत बसून हसायचा. "कुंपण आहे की भंगारचं दुकान?"

थोरली तिसऱ्या चौकटीजवळ उकिडवी बसली. एका बाजूच्या तिन्ही तारा मोकळ्या लोंबत होत्या. तिने एक बोटांत धरली आणि डोळ्यांजवळ नेली. ढिली पडलेली तार कशी असते? पीळ राहतो, फक्त सैल होतो. नाहीतर गंजून तुटते, मग टोक काळं आणि खरबरीत असतं. ही तार शाबूत होती. पिळाच्या खुणा तशाच होत्या, पण पीळ उलटा फिरवून उलगडलेला. मधेमधे पक्कडीच्या दातांचे चावे होते, अगदी ताजे, चकाकणारे.

"इकडे ये," ती म्हणाली.

"मला नाही बघवत."

"बघ. ही सुटलेली नाही. कुणीतरी बसून, पक्कड घेऊन, एकेक सोडवली आहे."

धाकटी उठली नाही. तिने नुसतं बहिणीकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत कालपासून पहिल्यांदा काहीतरी हललं.

२

घरमालक स्वतःच आला. गोलमटोल, हातात चाव्यांचा जुडगा. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही ही त्याची रीत होती. भाडेकरूच्या घरात शिरलं की गळकं छत बघावं लागतं, मग दुरुस्त करावं लागतं.

"काय ठरलं? महिनाअखेर धरू ना?" त्याने उंबऱ्यातूनच विचारलं.

"मी मोठी बहीण," थोरली म्हणाली. "माझ्याशी बोला."

"बोलायचं काय त्यात? कुत्रा बाहेर तर भाडेकरू बाहेर. ठरलेलंच होतं. मला काय हौस आहे का? पोरगी वाचली हे नशीब."

"घर विकायचंय तुम्हाला."

घरमालकाचा जुडगा खुळखुळायचा थांबला. "कोण म्हणालं?"

"कोपऱ्यावरचा वाणी. गिऱ्हाईकसुद्धा बघून गेलं म्हणे. हे गेले की सुंठीवाचून खोकला गेला, नाही का?"

"अहो बाई! म्हणून काय मी लेकराच्या जिवावर उठेन? मला नातवंडं आहेत."

"नातवंडं चोरांनाही असतात. काल बोळात आला होतात?"

"आलो होतो. लपवतोय कुठे? पाण्याचं मीटर बघायला. ते काय, तिकडे टोकाला आहे. या कुंपणाच्या बाजूला मी फिरकत नाही, मागे एकदा माझी पॅन्ट फाटली त्या तारांत. तुमचे मेहुणे कामावर निघाले होते बोळातून, विचारा त्यांना. मला बघून हसलेसुद्धा नाहीत. भाडं वेळेवर देतात, पण माणूस म्हणून शून्य."

"आणि काल संध्याकाळी?"

"संध्याकाळी इथेच उभा होतो, या पायरीवर. इथूनच बोललो. आत कशाला येऊ?"

तो गेला. थोरलीला तो माणूस अजिबात आवडला नाही. पण न आवडणं हा पुरावा नसतो. तसं असतं तर तिच्या कंपनीने कुणालाच पैसे दिले नसते. पॅन्ट फाटली म्हणाला. म्हणजे तारांची टोकं बाहेर, बोळाकडे.

"टोकं बाहेर का काढलीस?" तिने आत जाऊन धाकटीला विचारलं.

"आत ठेवली असती तर बिट्टीला लागली असती. ढब्याच्या नाकाला."

"आणि बाहेरच्यांना लागली तर?"

धाकटी पहिल्यांदाच ओझरतं हसली. "त्यावरूनच भांडण झालं ना नर्सबाईंशी. जा, त्यांनाच विचार. मागे म्हणाल्या होत्या, एक दिवस मीच सोडून देईन तुमच्या कुत्र्याला."

३

नर्सबाई बोळापलीकडे राहायच्या. रात्रपाळी करायच्या आणि दिवसा झोपायच्या, म्हणजे ढब्या भुंकायचा तेव्हा. दार उघडलं ते लाल डोळ्यांनी.

"म्हणाले होते मी," त्या म्हणाल्या. "तोंडानेच म्हणाले. रात्रभर दुसऱ्यांची घाण काढून आलेल्या बाईला दुपारी कुत्रं झोपू देत नसेल तर ती काय आरती ओवाळणार? पण काल ब्रेक ऐकून पहिली मी धावले. अनवाणी. पोरीला कडेवर घेऊन आत नेऊन निजवलं ते कुणी? या हातांनी. वर मला चोर म्हणता?"

"मी काहीच म्हटलं नाही."

"डोळ्यांनी म्हणालात."

थोरलीला ती बाई आवडली. तेही पुरावा नसतं.

"तारांवरून भांडण झालं होतं म्हणे."

"झालं होतं, मग मिटलं. माझ्या चादरी त्या टोकांत अडकून फाटायच्या. वाळत घातल्या की वाऱ्याने कुंपणावरच जातात ना. मी चांगलं फैलावर घेतलं तुमच्या बहिणीला. तर दुसऱ्या दिवशी मायलेकी दोघी बोळात. काय करताहेत बघते तर प्रत्येक पिळाच्या टोकावर एकेक टोपण बसवताहेत. स्केचपेनचं. लाल, हिरवं, जांभळं. ती बिट्टी मला सांगते कशी, 'ही मेलेल्या पेनांची टोपणं आहेत. पेनं आईने कचऱ्यात टाकली. आता ही कुंपणाची.'" नर्सबाईंनी डोळे चोळले. "त्या दिवसापासून एक धागा निघाला नाही चादरीतून. भांडायला काही उरलंच नाही."

"कालपर्यंत?"

"कालपर्यंत." त्यांनी दोरीवरची चादर ओढून दाखवली. मधोमध हातभर चीर. "सकाळी कामावरून आले, धुतली, वाळत घातली. कुंपणावर फडफडत होती, काही नाही झालं. मग झोपले. दुपारी ब्रेक ऐकून उठले, परत येऊन बघते तर ही अशी."

थोरली बोळात आली. कुंपणावर ओळीने रंगीत टोपणं होती, जशी काही कुणी मुंग्यांसाठी दिव्यांची माळ लावली असावी. फक्त तिसऱ्या चौकटीच्या त्या तीन तारा उघड्या. एका टोकाला चादरीचा पांढरा दोरा अडकलेला.

म्हणजे सकाळी टोपणं होती. दुपारी नव्हती. ज्याने तारा सोडवल्या त्याला आधी टोपणं काढावी लागली. काढली आणि काय केलं? माणूस घाईत असतो, मनात चोर असतो. तो टोपण काढून टाकतो, पायाखाली. थोरलीने बोळ धुंडाळला. गटाराची जाळी बघितली. गवत हातांनी चाळलं. पावाचा कागद सापडला, बाटलीची काच सापडली, टोपण एकही नाही.

कुणीतरी ती तीन फालतू टोपणं जपून नेली होती. कशासाठी?

४

बिट्टी फरशीवर पालथी पडून चित्र काढत होती. गुडघ्याला पट्टी. चित्रात एक तपकिरी ढेकूळ होतं, त्याला चार पाय.

"मावशी, ढब्याला गाडी कुठे नेणार?"

थोरलीला खोटं पकडता यायचं, सांगता यायचं नाही. ती शेजारी बसली. "मला पण रंगवू दे की. कुठला रंग देतेस?"

बिट्टीने पत्र्याची पेटी पुढे सरकवली. पेटीत नवी पेनं होती, प्रत्येकाला आपापलं टोपण. आणि तळाशी, पेनांखाली, तीन सुटी टोपणं. लाल, हिरवं, जांभळं.

थोरलीने लाल उचललं. आत गंजाचा पिवळट डाग. शेंड्याला तारेने पडलेलं भोक.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिने अख्खा बोळ चाळला होता.

"ही इथे कशी आली गं?"

बिट्टीने मान वर केली. भुवया एकत्र आल्या. "ही तर मेलेल्या पेनांची आहेत. कुंपणाची. इथे नाही ठेवायची."

"तू आणलीस?"

"मी कशी आणणार?" बिट्टी वैतागून म्हणाली, मोठी माणसं इतकं साधं कसं विचारतात म्हणून. "ती बाहेरच्या बाजूला असतात. मला बाहेर जाऊ देत नाहीत ना. म्हणून तर कुंपण आहे."

थोरलीने तिन्ही टोपणं मुठीत घेतली.

घरमालक उंबऱ्याच्या आत येत नाही. नर्सबाई काल आत आल्या होत्या खऱ्या, पण त्यांना पोरीनेच सांगितलं होतं, ही मेलेल्या पेनांची टोपणं, ती पेनं कचऱ्यात गेली. त्या कशाला ती पेनांच्या पेटीत परत ठेवतील? हे काम घरच्या माणसाचं. पेटी कुठे असते ते ज्याला ठाऊक आहे त्याचं.

घरात मोठी माणसं दोन. त्यातलं एक तिच्या पाठची बहीण.

५

धाकटी ओट्याशी उभी होती. भाजी चिरत नव्हती, सुरी नुसती हातात धरली होती. थोरलीने आयुष्यात हजार लोकांना प्रश्न विचारले होते. आज पहिल्यांदा तिला प्रश्न विचारावासा वाटेना. चार वर्षांची पोर, दिवसभर एकटीने सांभाळायची, वर कुत्रा, वर शेजाऱ्यांच्या शिव्या. बायका थकतात. थकलेलं माणूस काय करेल सांगता येत नाही.

"एक विचारू? रागावू नकोस. हे सगळं सोडून जावंसं वाटलं होतं का तुला? हे घर, हा पसारा?"

"मला?" धाकटी वळली. "ताई, अख्ख्या आयुष्यात मला एक बाग मिळाली. ती पण दुसऱ्याची. मी जाईन कशाला? तेच मागे लागलेत. कंपनीचं क्वार्टर मिळतंय त्यांना, कामाच्या दारात. चौथा मजला. तिथे कुत्रा चालत नाही. ढब्या माझ्या लग्नाआधीपासूनचा. मी म्हटलं, ढब्या आहे तोवर नाही." तिने सुरी खाली ठेवली. "काल रात्री म्हणाले, आता तर काही अडचण नाही ना."

"तसंच म्हणाले?"

"प्रेमाने म्हणाले गं. पाठीवर हात ठेवून."

थोरलीने टोपणं पदराआड धरली होती. तिने शेवटचं विचारलं, सहज विचारल्यासारखं. "ती वाळलेली स्केचपेनं कुठे टाकलीस?"

"कधीच कचऱ्यात. बिट्टी रडली होती, मेली म्हणून. मग म्हटलं टोपणं तरी कामाला लावू."

आईला ठाऊक होतं. लेकीला ठाऊक होतं. बोळापलीकडच्या परक्या बाईलाही ठाऊक होतं. या घरात एकच माणूस असा होता, ज्याला आपल्या पोरीची पेनं कधी मेली तेही माहीत नव्हतं.

६

मेहुणा उन्हं कलताना आला. येताना बिट्टीसाठी फुगा आणला होता. कपडेही न बदलता बागेत आला, कमरेवर हात ठेवून कुंपण न्याहाळलं.

"मी शंभरदा सांगितलं होतं तिला, ताई. या जुगाडावर भरवसा ठेवू नको. स्वस्तातलं कुंपण, काय होणार? तुम्ही समजावलंत ना? क्वार्टरचं उत्तर द्यायचंय मला."

"समजावते. आधी हात पुढे करा."

त्याने हसत हात पुढे केला. थोरलीने तळव्यावर तीन टोपणं ठेवली.

"ही पेटीत का ठेवलीत?"

"म्हणजे काय, पेनं वाळतात ना टोपणाशिवाय," तो म्हणाला. "बिट्टी मग रड..."

आणि थांबला.

फुगा त्याच्या दुसऱ्या हातात हलत होता. त्याने टोपणांकडे बघितलं, मग मागच्या दाराकडे, मग पुन्हा टोपणांकडे.

"ती पेनं कधीच मेली, मेहुणेराव. ही टोपणं महिनोन्महिने कुंपणावर होती. रोज त्याच बोळातून कामाला जाता तुम्ही. कधी मान वळवून बघितलं असतं तर तुम्ही वाचला असतात. पोरीचं काहीतरी दिसलं म्हणून खिशात टाकलंत आणि संध्याकाळी गपचूप पेटीत ठेवलंत."

"हळू बोला," तो म्हणाला. "ऐका माझं. मी त्याला मारलं नाही. नुसत्या तारा सोडवल्या आणि चौकट टेकवून ठेवली. तो रोज तिथेच नाक घुसवायचा. मला वाटलं जाईल कुठेतरी, कुणीतरी पाळेल. दुपारी बिट्टी झोपलेली असते ना!"

"दुपारी झोपणं तिने कधी बंद केलं, तेही तुम्हाला माहीत नाही."

"मला माझी पोरगी प्यारी नाही का? काल मला काय वाटलं असेल!"

"काय वाटलं?" थोरलीचा आवाज चढला, आणि तिने तो चढू दिला. "तारा सोडवल्यात, तो एक गाढवपणा समजू. पण काल रात्रभर ती बाई स्वतःच्या हातांकडे बघत बसली होती, या हातांनी मी लेक मारली असती म्हणून. आणि तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवून क्वार्टरचं विचारलंत! वर मला बोलावलंत, ती माझं ऐकते म्हणून. जाळणाऱ्यानेच विम्याचा माणूस बोलवावा तसं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, तुमच्या मनात तेवढा उजेडसुद्धा नाही."

"तिला सांगू नका," मेहुणा म्हणाला. "ताई, पाया पडतो. संसार मोडेल."

"तिला काय सांगायचं?"

धाकटी मागच्या पायरीवर उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. तिचा चेहरा असा झाला होता की थोरलीला बघवेना. खरं शोधून काढलं की थोरलीच्या ऑफिसात टेबलावरचे कागद आवरले जायचे आणि ती चहा प्यायला जायची. इथे चहा कुणी करणार नव्हतं.

दाराशेजारच्या डब्यातून धाकटीने पक्कड काढली. नवऱ्याच्या शेजारून, त्याला धक्का न लावता, बोळात गेली आणि पहिल्या चौकटीपाशी खाली बसली. एक टोपण काढलं, पदरात टाकलं. पक्कड लावली. पीळ उलटा फिरवला. एक तार सुटली. मग दुसरी.

"काय करतेस?" मेहुणा कुंपणाच्या आतून म्हणाला. जाळीतून त्याचा चेहरा चौकोनाचौकोनात दिसत होता. "अगं, बोल ना काहीतरी. शिव्या दे."

"ताईकडे जातोय आम्ही. मी आणि बिट्टी."

"आणि हे कशाला सोडवतेस?"

"सोडून जाताना बाग होती तशी द्यायची. अट आहे."

थोरली तिच्याशेजारी बसली आणि सुटलेल्या तारा गोळा करू लागली. तिचं घर दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं, खिडकीत एक कुंडी, तीही वाळलेली. बिट्टी तिथे कुठे धावणार, हे तिला सुचत नव्हतं. पलीकडे नर्सबाई फाटकी चादर दोरीवरून काढता काढता थांबल्या, आणि ती तशीच ठेवून आत गेल्या. मोठ्या रस्त्याकडून नगरपालिकेच्या गाडीचा आवाज येत होता.

दुसरी चौकट आडवी झाली. मेहुण्याने फुगा सोडून दिला आणि पुढे होऊन तिसरीला हात घातला. "थांब, मी मदत करतो."

"ती राहू द्या," धाकटी वर न बघता म्हणाली. "ती तुम्ही कालच सोडवली आहे."

ती चौथ्या चौकटीकडे सरकली.